हायपरसॉनिक उड्डाणात शरीराला नेमके काय सोसावे लागते?

उत्तरायण (धागाकर्ता)

ध्वनीच्या पाचपट वेगापलीकडच्या, म्हणजे हायपरसॉनिक, उड्डाणाचा विषय निघाला की ‘एवढ्या वेगात माणूस जगेल का’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यात वेग आणि त्वरण या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शरीराला जाणवतो तो वेगातला किंवा दिशेतला बदल, आणि तो आपण पृथ्वीच्या गुरुत्व त्वरणाच्या पटीत, म्हणजे ‘जी’ या एककात मोजतो.

आधी थोडे गणित मांडतो. प्रवासी विमाने ज्या उंचीवर उडतात तिथे आणि त्याच्या बरेच वरही ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर असतो. त्या हिशेबाने मॅक ५ म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. विमानाने पुढच्या दिशेने केवळ ०.३ जी त्वरण राखले, तर हा वेग साडेआठ मिनिटांत गाठता येतो आणि त्यासाठी सुमारे ३८० किलोमीटर अंतर लागते. धावपट्टीवरून झेपावताना नेहमीचे प्रवासी विमान आपल्याला जेवढे पाठीमागे रेटते, जवळजवळ तेवढेच हे त्वरण आहे. १ जी राखले तर अडीच मिनिटे आणि ११५ किलोमीटर पुरतात. त्यामुळे वेग गाठताना माणूस चिरडला जाईल ही भीती निराधार आहे.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते ती वळणात आहे, आणि वळणाच्या तीव्रतेपेक्षाही ते किती वेळ चालते यात आहे. सेकंदाला २५० मीटर वेगाने जाणारे लढाऊ विमान ९ जी भाराचे आडवे वळण घेते तेव्हा वळणाची त्रिज्या सुमारे ७१० मीटर असते आणि दिशा ९० अंशांनी बदलायला साडेचार सेकंद लागतात. तेच ९ जीचे वळण मॅक ५ वेगाने घेतले, तर त्रिज्या २५ किलोमीटरच्या पुढे जाते आणि त्याच ९० अंशांसाठी २७ सेकंद लागतात. भार तोच, पण सोसण्याचा काळ सहापट. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या दोन वळणांत काय फरक पडतो, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

सुषुम्ना

उत्तरायण, आपण काढलेले दोन आकडे, साडेचार आणि सत्तावीस, योगायोगाने एका फार महत्त्वाच्या मर्यादेच्या दोन बाजूंना पडले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयापासून सुमारे ३० सेंटीमीटर वर असतो. तिथपर्यंत रक्त चढवण्यासाठी हृदयाला एका जीला पाऱ्याचे सुमारे २२ मिलिमीटर एवढा दाब खर्चावा लागतो. डोक्याकडून पायाकडे दाबणारा भार ५ जी झाला की हा खर्च ११० मिलिमीटर होतो, आणि निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो. म्हणजे ५ जीला मेंदूपर्यंत पोहोचणारा दाब जवळजवळ शून्यावर येतो. कोणतीही तयारी न केलेला, सैल बसलेला माणूस ४ ते ५ जीच्या दरम्यान शुद्ध हरपतो, त्याचे कारण इतके सरळ आहे.

त्याआधी दृष्टी जाते. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, आणि बाहेरून येणाऱ्या रक्ताला त्यावर मात करून दृष्टिपटलात शिरावे लागते. म्हणून मेंदूला रक्त मिळत असतानाच डोळ्याचे तुटू लागते. आधी कडेचे दृश्य करडे होते, मग नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी आक्रसते आणि शेवटी पूर्ण अंधार होतो, तरीही माणूस त्या वेळी शुद्धीवर असतो आणि ऐकू शकतो. वैमानिकाला मिळणारी ही पूर्वसूचना आहे. मात्र भार फार झपाट्याने वाढला तर ती मिळतच नाही आणि माणूस थेट बेशुद्ध होतो.

आता वेळेविषयी. मेंदूचा रक्तपुरवठा अचानक थांबला तरी त्याच्या पेशींमध्ये उरलेल्या प्राणवायूवर तो साधारण चार ते सहा सेकंद काम करू शकतो. शरीराची भरपाई करणारी यंत्रणा, म्हणजे मानेतल्या धमनीतील दाबाची नोंद घेऊन हृदयाची गती वाढवणे आणि रक्तवाहिन्या आवळणे, पूर्ण प्रभावी व्हायला दहा सेकंद किंवा थोडे अधिक लागतात. म्हणजे साडेचार सेकंदांचे वळण मेंदूच्या शिलकीवर कसेबसे निभावता येते. सत्तावीस सेकंदांच्या वळणात ती शिल्लक पहिल्या पाचसहा सेकंदांतच संपते, आणि ९ जी पेलण्याइतकी भरपाई शरीर स्वतःहून कधीच करू शकत नाही.

प्रशिक्षित वैमानिक ९ जी सोसतात ते निव्वळ शारीरिक क्षमतेवर नव्हे. जी-सूट हा हवेने फुगणारा पोशाख पोटरी, मांड्या आणि पोट दाबून धरतो आणि साधारण एक ते दीड जीची भर घालतो. उरलेले काम पाय आणि पोटाचे स्नायू सर्व शक्तीनिशी ताठ करून, श्वास कोंडून, दर तीन सेकंदांनी झटकन श्वास बदलून करावे लागते. अपकेंद्री यंत्रातल्या, म्हणजे माणसाला गोल फिरवून भार देणाऱ्या यंत्रातल्या, प्रशिक्षणात ९ जी भार १५ सेकंद टिकवणे ही कसोटी समजली जाते, आणि ती पार करणारे घामाने निथळलेले असतात. सत्तावीस सेकंद म्हणजे त्या कसोटीच्या जवळजवळ दुप्पट.

वायुगतिक

सुषुम्ना यांचे विवेचन उत्तम आहे. मूळ गणितात मात्र एक पुरवणी जोडावी लागेल. वळण घेताना विमानाचा वेग कायम राहतो असे तिथे धरले आहे. हायपरसॉनिक वेगाला उद्धरण (विमानाला उचलणारे बल) आणि अवरोध (हवेचा मागे ओढणारा विरोध) यांचे गुणोत्तर फार कमी असते; ते चार धरू. ९ जीएवढे उद्धरण निर्माण करायचे तर हवेचा अवरोध सव्वादोन जीएवढा होईल. एवढा अवरोध भरून काढणे हवेवर चालणाऱ्या इंजिनाला त्या वेगाला जमत नाही, त्यामुळे विमान वळता वळता मंदावत जाईल. हे धरून हिशेब केला तर ९० अंशांचे वळण २७ ऐवजी सुमारे २२ सेकंदांत संपते, आणि संपते तेव्हा वेग सेकंदाला १,००० मीटरच्या आसपास उरलेला असतो. म्हणजे वळणाच्या शेवटी विमान हायपरसॉनिक राहिलेलेच नसते.

मूळ मुद्द्याला यामुळे बाध येत नाही, कारण २२ सेकंदही मेंदूच्या शिलकीच्या कितीतरी पलीकडे आहेत. शिवाय पायाकडे दाबणाऱ्या ९ जीच्या जोडीला पुढे फेकणारे सव्वादोन जीही आहेत, आणि पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाची मान ते सगळे एकाच वेळी पेलत असते.

व्यवहारात कोणीही असे वळण आखणार नाही. विमान ३० अंश कलवून घेतलेल्या सौम्य वळणात शरीरावर फक्त १.१५ जी भार येतो. पण मॅक ५ ला त्या वळणाची त्रिज्या सुमारे ४०० किलोमीटर होते आणि उलट दिशेला तोंड करायला १४ मिनिटे लागतात. ६० अंश कलवले तर भार २ जी, त्रिज्या १३० किलोमीटर आणि वेळ साडेचार मिनिटांहून थोडा अधिक. आरामशीर प्रवास हवा असेल तर नकाशावर अख्खा प्रदेश लागेल एवढे वळण घ्यावे लागते, आणि ही अट शरीराने घातलेली आहे.

मृगनक्षत्र

एक शंका आहे. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ साली रॉकेटच्या घसरगाडीवर ४६ जी सोसल्याचे वाचले आहे. ५ जीला माणूस बेशुद्ध होतो, तर ते ४६ जीमध्ये जिवंत कसे राहिले?

सुषुम्ना

शंका अगदी योग्य आहे, आणि उत्तरात दिशा व काळ या दोन्ही गोष्टी येतात.

स्टॅप यांची ती चाचणी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर झाली. घसरगाडीने ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि ती १.४ सेकंदांत थांबली. त्या थांबण्यात सर्वोच्च भार ४६.२ जी झाला. भार पाठीकडून छातीकडे, म्हणजे शरीराला आडवा होता. हृदय आणि मेंदू यांच्यातल्या रक्ताच्या उभ्या स्तंभावर त्याचा ताण जवळजवळ आला नाही. आणि सगळे दीड सेकंदाच्या आत संपले, त्यामुळे रक्त हलून साचायला वेळच मिळाला नाही. एवढ्या थोड्या वेळात प्रश्न रक्ताभिसरणाचा राहत नाही, तो ऊतींच्या बळकटीचा होतो. त्यांच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. पुढे दृष्टी परत आली. ते १९९९ पर्यंत, वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत जगले, आणि मोटारीतील सुरक्षापट्ट्यांच्या प्रसारासाठी त्यांनी जे काम केले त्याचे ऋण आपल्या सर्वांवर आहे. १९५८ मध्ये एलाय बीडिंग यांनी पाठ पुढे करून बसलेल्या स्थितीत याहून मोठा, छातीवर मोजलेला सुमारे ८३ जी भार सेकंदाच्या काही शतांश भागापुरता सोसला. त्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले, पण ते वाचले.

म्हणून ‘माणूस किती जी सोसू शकतो’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. ८३ जी क्षणभर, सर्वोच्च ४६ जीपर्यंत जाणारा भार दीड सेकंदाहून कमी, ९ जी साधारण पाव मिनिट आणि २ जी कित्येक मिनिटे, अशी ती उतरती रेघ आहे, आणि त्यातही दिशा बदलली की आकडे बदलतात. पायाकडून डोक्याकडे येणारा भार तर २ ते ३ जीलाच असह्य होतो, कारण रक्त डोक्यात तुंबते आणि त्याला आवरण्याची सोय शरीरात जवळजवळ नाहीच.

जिज्ञासू

तसे असेल तर हायपरसॉनिक विमानात सर्वांना आडवे झोपवले तर? अंतराळवीर तसेच जातात ना?

सुषुम्ना

होय, आणि म्हणूनच अंतराळयानांत आसने पाठीवर निजल्यासारखी असतात. अपोलो यानांच्या परतीत सहा ते सात जी भार येत असे आणि अंतराळवीर तो शुद्धीवर राहून सोसत. सोयूझ या सोव्हिएत अंतराळयानाच्या १९७५ सालच्या अपयशी उड्डाणात, ५ एप्रिल रोजी, वासिली लाझारेव्ह आणि ओलेग माकारोव्ह यांच्यावर खाली कोसळताना २१ जीपेक्षा जास्त भार आला होता आणि दोघेही वाचले.

परंतु आडव्या भाराची किंमत फुप्फुसे मोजतात. ८-९ जीला छातीच्या पिंजऱ्याचे वजनच तेवढ्या पटीने वाढते, श्वास बाहेर टाकणे सोपे आणि आत घेणे अत्यंत कष्टाचे होते. फुप्फुसातले रक्त पाठीकडच्या भागात साचते, हवा मात्र पुढच्या भागात जाते. जिथे हवा तिथे रक्त नाही आणि जिथे रक्त तिथे हवा नाही, अशी स्थिती होऊन रक्तातला प्राणवायू घटतो. शुद्ध प्राणवायू श्वासात असेल तर पाठीकडची वायुकोष्ठे (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) मिटूनही जातात आणि नंतर छातीत दुखणे व खोकला सुरू होतो.

शरीर पाण्यात बुडवून भार वाटून देण्याचे प्रयोगही झाले आहेत. फ्लॅनगन ग्रे यांनी १९५८ साली पाण्याने भरलेल्या कवचात राहून सुमारे ३१ जी सोसले. तरी फुप्फुसात हवा असते, हवेची घनता ऊतींहून फार कमी असते, आणि ही विषमता पाण्याने मिटत नाही.

वायुगतिक

माणसाने हायपरसॉनिक वेगाने प्रत्यक्ष उडून दाखवले आहे, आणि तेही साठ वर्षांपूर्वी. त्यामुळे या चर्चेत एक्स-१५ आल्याशिवाय ती पुरी होणार नाही. १९५९ ते १९६८ या काळात या रॉकेट-विमानाची १९९ उड्डाणे झाली. बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून ते सोडले जाई, इंजिन जेमतेम दीड ते अडीच मिनिटे चाले, आणि इंधन संपत जाऊन विमान हलके होई तसे पुढे रेटणारे त्वरण वाढत वाढत ४ जीपर्यंत पोहोचे. परतताना दाट हवेत शिरून विमान सरळ करताना ५ जीच्या आसपास भार येई. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी विल्यम नाइट यांनी मॅक ६.७, म्हणजे ताशी सुमारे ७,२७० किलोमीटर वेग गाठला. स्वतःच्या इंजिनावर उडणाऱ्या, माणूस असलेल्या विमानाचा तो विक्रम अजून अबाधित आहे. वैमानिकाचे शरीर त्या वेगाला व्यवस्थित टिकले, उष्णतेने जळाले ते विमानाचे भाग.

त्यानंतर स्पेस शटल. मॅक २५ वरून उतरणारे ते पंखांचे यान होते, आणि त्याच्या परतीत भार साधारण दीड जीच्या आसपास राहत असे, कारण ते विरळ हवेत दीर्घकाळ हळूहळू मंदावत येई. सोयूझची तुलना इथे उद्बोधक आहे. तिची कुपी किंचित कलती ठेवून थोडेसे उद्धरण मिळवले की परतीचा भार सुमारे ४ जी राहतो. तेच उद्धरण बिघाडामुळे गेले आणि कुपी दगडासारखी पडू लागली की तो ८-९ जी होतो. एप्रिल २००८ मध्ये पेगी व्हिट्सन, युरी मालेन्चेन्को आणि यी सो-यॉन यांना हाच अनुभव आला. आपण वर वळणाचा लांबलेला काळ घातक म्हणालो. मंदावताना मात्र काळ जितका लांबवता येईल तितके चांगले, कारण तिथे तो लांबवल्याने भार कमी होतो.

सुषुम्ना

शटलच्या दीड जीबद्दल एक जोड. अनेक दिवस वजनरहित राहिलेल्या माणसाच्या शरीरातले रक्ताचे आकारमान घटलेले असते, आणि शटलमध्ये परतीचा भार बसलेल्या स्थितीत डोक्याकडून पायाकडे येत असे. म्हणून तेवढ्या दीड जीसाठीही अंतराळवीर जी-सूट घालत. सहनशक्ती ही व्यक्तीची कायमची मिळकत नसते. पाण्याची कमतरता, उष्णता, ताप, अपुरी झोप यांनी ती त्याच दिवशी कमी होते.

उत्तरायण (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. वेग कमी करत आणलेल्या वळणाचे गणित तर मी वहीत उतरवून घेतले आहे. आता एक पुढचा प्रश्न. आखलेल्या मार्गावर भार सौम्य ठेवता येतो हे मान्य. पण विमान ताब्यातून सुटले तर?

वायुगतिक

त्याचे उदाहरण दुर्दैवाने एक्स-१५ मध्येच आहे. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी मायकेल ॲडम्स यांचे विमान सुमारे ८० किलोमीटर उंचीवरून उतरू लागताना मार्गाशी तिरके होत गेले आणि मॅक ५ च्या आसपास गरगरत सुटले. त्यातून ते बाहेर आले, पण स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेत निर्माण झालेल्या हेलकाव्यांमुळे विमानाचे नाक वर-खाली आपटत राहिले. दाट हवेत शिरताच उभा भार १५ जीच्या वर आणि बाजूचा भार ८ जीपर्यंत गेला, विमानाचे तुकडे झाले आणि ॲडम्स मृत्यू पावले. त्यांचे गोंधळणे, उपकरणावरची खूण चुकीच्या अर्थाने वाचली जाणे आणि बहुधा दिशाभ्रम, ही कारणे चौकशीत पुढे आली.

सुषुम्ना

दिशाभ्रम हा या विषयातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. आपल्या आतल्या कानात तोल ओळखणारे जे अवयव आहेत त्यांना गुरुत्व आणि त्वरण यांत भेद करता येत नाही; दोन्हींची बेरीज ज्या दिशेला येते तिलाच ते ‘खाली’ समजतात. विमान सरळ जात असताना पुढच्या दिशेने ०.३ जी त्वरण सुरू झाले की नाक सुमारे १७ अंश वर गेल्यासारखे वाटते. १ जीला ४५ अंश, आणि ४ जीला तर जवळजवळ सरळ आकाशाकडे झेपावल्यासारखे. इंजिन बंद होताच उलटे, नाक खाली गेल्याचा भास होतो. खिडकीतून क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात; हायपरसॉनिक विमानात उष्णतेमुळे खिडक्या लहान आणि मोजक्याच असणार, म्हणून भास अधिक बलवान ठरतो.

बेशुद्धीविषयीही सांगते. भारामुळे शुद्ध हरपली तर भार उतरल्यावर माणूस सरासरी बारा सेकंद बेशुद्ध आणि पुढची साधारण तेवढीच सेकंदे सुन्न, निर्णयाला असमर्थ असतो. त्या चोवीस सेकंदांत मॅक ५ चे विमान ३६ किलोमीटर पुढे गेलेले असते.

मृगनक्षत्र

म्हणजे नियंत्रण यंत्राकडेच द्यावे लागेल. एफ-१६ विमानांवर २०१४ पासून बसवलेली जमिनीशी टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा भाराने बेशुद्ध झालेल्या वैमानिकालाही वाचवून गेल्याचे वाचले आहे.

जिज्ञासू

आणि सामान्य प्रवासी? उच्च रक्तदाब असलेले, वयस्कर?

सुषुम्ना

अंतराळ पर्यटनाच्या निमित्ताने अशा लोकांच्या अपकेंद्री यंत्रातील चाचण्या झाल्या आहेत. आजार औषधांनी आटोक्यात असलेल्या बहुतेकांनी काही जीचा भार थोड्या काळासाठी व्यवस्थित सोसला. ज्यांना थांबावे लागले त्यांच्यात घाबरून जाणे हे एक ठळक कारण होते. सव्वा-दीड जीच्या आत राहणाऱ्या प्रवासात बहुसंख्य लोकांना अडचण येऊ नये असे माझे मत आहे. गर्भवती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांच्याबाबत मात्र मी सावधच राहीन.

वायुगतिक

प्रवासी विमानाबाबत मला अचानक येणाऱ्या बाजूच्या धक्क्याची काळजी अधिक वाटते. दोन्ही इंजिनांचा जोर एकाच वेळी गेला, तर अवरोधामुळे विमान फक्त पाव जीने मंदावेल, त्याने कोणाला इजा होणार नाही. एकाच बाजूच्या इंजिनातला हवेचा प्रवाह कोलमडला तर मात्र विमान झटक्याने आडवे वळते. २५ जानेवारी १९६६ रोजी एसआर-७१ या विमानात मॅक ३.१८ वेगाने वळण घेत असताना हेच झाले आणि विमान हवेतच फुटले. वैमानिक बिल वीव्हर यांच्या अंगातला दाबयुक्त पोशाख फुगला आणि त्यामुळे ते वाचले. मागच्या आसनावरचे जिम झ्वेयर मानेच्या दुखापतीने दगावले. मान बाजूच्या भाराला फार दुबळी असते, आणि प्रवासी त्या क्षणी मान वळवून शेजाऱ्याशी बोलत असू शकतो. म्हणून एक्स-१५ च्या वैमानिकाला होता तसा डोक्याला आधार, आणि तोही दोन्ही बाजूंनी, प्रत्येक प्रवासी आसनाला द्यावा लागेल, आणि इंजिने विमानाच्या मध्यरेषेच्या जितकी जवळ ठेवता येतील तितकी ठेवावी लागतील.